खाणीतला हिरा नको म्हटल्यावर: खडा निवडतानाचा माझा अनुभव

खाणीतला हिरा घ्यायचा नाही हे एकदा ठरलं की पुढचं सोपं असेल असं वाटतं. पण समोरच्या ट्रेमध्ये तीन-चार वेगवेगळे पदार्थ शेजारी मांडलेले असतात, दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच लखलखतात आणि सगळ्यांना सरसकट ‘सिंथेटिक’ म्हटलं जातं. म्हणून मी आधी पदार्थ वेगळे केले. प्रयोगशाळेत वाढवलेला, म्हणजे लॅब-ग्रोन हिरा हा हिराच असतो: शुद्ध कार्बन, मोह्ज मापनपट्टीवर काठिण्य १०, अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती वळतो याचा आकडा) २.४१७. मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये थोडं यिट्रियम किंवा कॅल्शियम ऑक्साइड घालून स्थिर केलेला स्फटिक. पांढरा कृत्रिम नीलम म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. शेवटचे तिघे हिऱ्यासारखे दिसतात एवढंच, हिरा नव्हेत. विक्रेता यातलं नेमकं नाव घ्यायला टाळाटाळ करत असेल तर पुढची बोलणी मी करत नाही.

त्यानंतरचा प्रश्न कॅरटचा नाही, दागिना अंगावर कुठे बसणार हा आहे. माझी जवळजवळ सगळी निवड या एका प्रश्नावरून झाली.

अंगठीचा खडा दिवसभर कशावर तरी आपटतो, घासतो. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचं काठिण्य ७. अमेरिकन डायमंड ८ ते ८.५, म्हणजे आकड्यांत वरचढ. पण तो ठिसूळ असतो आणि झिजायला सुरुवात होते ती पैलूंच्या कडांपासून. रोज घातलेल्या अंगठीतला जुना अमेरिकन डायमंड दहापट भिंगाखाली धरा. दोन पैलू जिथे मिळतात तिथे नव्या खड्यात केसासारखी बारीक, धारदार रेष असते. जुन्यात ती रेष पांढरट, कुरतडल्यासारखी दिसते, आणि टेबलवर, म्हणजे वरच्या सपाट पैलूवर, ओरखड्यांचं जाळं असतं. खडा ‘मंद पडला’ असं आपण म्हणतो ते यामुळे. साबणाने धुऊन ही चमक परत येत नाही, कारण मळ नाही, झीज आहे. म्हणून रोजच्या अंगठीसाठी मी फक्त लॅब-ग्रोन किंवा मॉइसनाइट (काठिण्य ९.२५) विचारात घेतलं. कानातल्यांना आणि गळ्यातल्या पदकाला एवढा मार बसत नाही. तिथे चांगल्या पैलूंचा अमेरिकन डायमंड वर्षानुवर्षं नीट राहतो आणि तिथे त्याला नाक मुरडणं मला पटत नाही. पांढरा नीलम मी लगेच बाद केला. काठिण्य ९ असलं तरी अपवर्तनांक जेमतेम १.७७, अपस्करण, म्हणजे पांढरा प्रकाश रंगांत फुटण्याचं प्रमाण, ०.०१८. खाली गेलेला प्रकाश परत फिरण्याऐवजी तळातून निसटतो आणि बोटाचं तेल लागलं की खडा काचेसारखा दिसतो.

मॉइसनाइटचा प्रश्न उलटा आहे, त्यात चमक जास्तच असते. हिऱ्याचं अपस्करण ०.०४४, मॉइसनाइटचं ०.१०४. पाच मिलिमीटरपर्यंत हे जाणवत नाही, छानच दिसतं. सात-आठ मिलिमीटरच्या खड्यात मात्र एकाच दिव्याखाली लाल-हिरव्या-निळ्या ठिणग्यांचा खेळ सुरू होतो आणि सवय असलेली नजर तो लगेच ओळखते. काहींना तेच आवडतं. ज्यांना हिऱ्याचा पांढरा लख्ख उजेड हवा त्यांनी मोठा मॉइसनाइट घेऊ नये, किंवा दुकानातल्या स्पॉटलाइटपासून दूर, खिडकीपाशी नेऊन पाहावा. रंग पाहायचा तर खडा टेबल खाली करून दुमडलेल्या पांढऱ्या कागदात ठेवायचा आणि बाजूने बघायचा. मॉइसनाइटमध्ये हिरवट किंवा करडी झाक असेल तर अशीच दिसते. पिवळ्या सोन्यात ती खपून जाते, पांढऱ्या धातूत डोळ्यात भरते.

आता वजन. इथे गोंधळ हमखास होतो, कारण कॅरट हे वजनाचं एकक आहे (१ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम) आणि या पदार्थांची घनता वेगवेगळी आहे. हिऱ्याची ३.५२, मॉइसनाइटची ३.२२, अमेरिकन डायमंडची ५.६ ते ६. नीट पैलू पाडलेला १ कॅरटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच मापाचा मॉइसनाइट सुमारे ०.९ कॅरट भरतो आणि अमेरिकन डायमंड १.६५ च्या आसपास. म्हणजे ‘१ कॅरटचा अमेरिकन डायमंड’ खरंच वजनाने १ कॅरट असेल तर तो हिऱ्यापेक्षा बराच लहान दिसेल. म्हणून सगळी चौकशी मिलिमीटरमध्ये करायची. अर्ध्या कॅरटचा हिरा ५.१-५.२ मिमी, २ कॅरटचा ८.१-८.२ मिमी. वजन दुप्पट झालं तरी व्यास जेमतेम सव्वापट होतो, हे लक्षात ठेवलं की मोठ्या खड्याचा मोह थोडा आवरतो.

घनतेचा हा फरक खडा ओळखायलाही कामाचा आहे, पण खडा सुटा असताना. गोल ब्रिलियंटसाठी कारागिरांचा जुना हिशेब असा: व्यास × व्यास × उंची (मिमी) × ०.००६१ = हिऱ्याचं अंदाजे कॅरट वजन. ६.५ व्यास आणि ४ उंची असेल तर १.०३ कॅरट. तेवढाच मॉइसनाइट ०.९४ आणि अमेरिकन डायमंड १.७० च्या जवळ. कॅलिपर आणि कॅरटचा काटा जवळ असेल तर अमेरिकन डायमंड अर्ध्या मिनिटात बाजूला पडतो. हिरा आणि मॉइसनाइट यांत मात्र फरक कमी आहे आणि गर्डल, म्हणजे खड्याची कंबर, जाड असेल तर हिशेब फसतो.

दुकानात डायमंड टेस्टरची सुई टेकवून ‘बघा, हिराच आहे’ असं दाखवतात, ते फारसं मनावर घेऊ नये. साधा टेस्टर उष्णता किती पटकन वाहून जाते एवढंच मोजतो. मॉइसनाइटही उष्णता वेगाने वाहून नेतो, त्यामुळे त्यालाही तो हिराच म्हणतो. सुई चुकून खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नखीला लागली तरी दिवे लागतात. मॉइसनाइट वेगळा काढणारे टेस्टर विजेची वाहकता तपासतात. पण काही मॉइसनाइट वीज फारच कमी वाहून नेतात आणि हिरा म्हणून सुटतात, तर बोरॉन असलेला हिरा वीज वाहतो आणि उगाच मॉइसनाइट ठरतो. लॅब-ग्रोन आणि खाणीतला हिरा यांत तर असा कुठलाही टेस्टर फरक करू शकत नाही.

मॉइसनाइटसाठी माझा भरवसा भिंगावर आहे. तो दुहेरी अपवर्तन करतो, म्हणजे एका किरणाचे दोन करतो, हिरा करत नाही. फक्त टेबलमधून सरळ खाली पाहून काही दिसत नाही, कारण कापतानाच स्फटिकाचा अक्ष टेबलला काटकोनात ठेवलेला असतो. खडा थोडा कलता धरायचा, वरच्या पतंगाच्या आकाराच्या पैलूतून आत पाहायचं आणि पलीकडच्या, तळाच्या पैलूंच्या कडांवर नजर स्थिर करायची. मॉइसनाइट असेल तर तिथली प्रत्येक रेष जोडीने दिसते, रुळांसारखी. एकदा हे दिसलं की नंतर शोधावं लागत नाही. आत समांतर, बारीक पांढऱ्या सुयाही पुष्कळदा असतात.

मुख्य अंगठीसाठी लॅब-ग्रोनकडे वळल्यावर आणखी एक फाटा फुटतो: एचपीएचटी (उच्च दाब, उच्च तापमान) की सीव्हीडी (वायूतून थर चढवणं). पहिल्यात हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ हजारपट दाब आणि १३०० ते १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान देऊन वितळलेल्या धातूत कार्बन विरघळवतात आणि तो हिऱ्याच्या बीजावर जमवतात. जनरल इलेक्ट्रिकने या मार्गाने हिरा केल्याचं १९५५ मध्ये जाहीर केलं होतं, तेव्हा तो फक्त औद्योगिक कामाचा होता. दुसऱ्यात कमी दाबाच्या भट्टीत मिथेन आणि हायड्रोजनचा प्लाझ्मा करून बीजाच्या चकतीवर कार्बनचे थर चढवतात. अंगठी घालणाऱ्याला याचं काय? एवढंच, की दोघांचे दोष वेगळे. एचपीएचटीत धातूचे काळसर कण अडकू शकतात (काही खडे तर ताकदवान चुंबकाला ओढ देतात) आणि बोरॉनमुळे फिकट निळी झाक येऊ शकते. सीव्हीडीत तपकिरी झाक येते. ती घालवण्यासाठी अनेकदा खड्यावर नंतर एचपीएचटी प्रक्रिया करतात. त्यात खडा बिघडत नाही, पण खड्याबरोबर येणाऱ्या तपासणी अहवालाच्या शेऱ्यात ते लिहिलेलं असावं. खड्यावर प्रक्रिया नसेल तर आयजीआय या रत्न-तपासणी संस्थेच्या अहवालात ‘ॲज ग्रोन’ असा शेरा दिसतो.

माझ्या मते अहवालातल्या श्रेणीपेक्षा धुरकटपणा तपासणं महत्त्वाचं. व्यापारात ‘बीजीएम’ म्हणतात: ब्राउन, ग्रीन, मिल्की. रंग ‘ई’ आणि शुद्धता ‘व्हीएस१’ अशा वरच्या श्रेणी लिहिलेला खडासुद्धा दूध मिसळल्यासारखा मंद असू शकतो, आणि हे एकटा खडा पाहून कळत नाही. दोन-तीन खडे शेजारी ठेवून, ढगाळ दिवसाच्या किंवा सावलीतल्या उजेडात पाहायचे. मंद खडा लगेच मागे पडतो. शुद्धता ‘व्हीएस२’च्या वर नेण्यात डोळ्याला काही मिळत नाही. तो पैसा पैलूंच्या घडणीत घालावा: गोल खड्यात टेबल व्यासाच्या ५४ ते ५७ टक्के, एकूण उंची ६० ते ६२.५ टक्के, क्राउनचा, म्हणजे कंबरेवरच्या भागाचा, कोन ३४ ते ३५ अंश आणि पॅव्हिलियनचा, म्हणजे खालच्या निमुळत्या भागाचा, ४१ च्या किंचित खाली. पॅव्हिलियन फार उथळ असेल तर मध्यभागी करड्या वर्तुळासारखा ‘फिश-आय’ दिसतो, फार खोल असेल तर मधोमध काळोख.

जीआयए या दुसऱ्या तपासणी संस्थेने ऑक्टोबर २०२५ पासून लॅब-ग्रोनला रंग-शुद्धतेच्या नेहमीच्या श्रेणी देणं थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग ठेवले आहेत. त्यामुळे दोन संस्थांचे अहवाल शेजारी ठेवून तुलना करत बसू नये. अहवालाचा क्रमांक गर्डलवर लेसरने कोरलेला असतो. आयजीआयच्या लॅब-ग्रोनमध्ये तो ‘एलजी’ने सुरू होतो. दहापट भिंगात तो डोळे ताणून वाचता येतो, वीसपट असेल तर सहज. पैसे देण्याआधी तो वाचायचा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून वजन-माप जुळवायचं. खडा बसवल्यावर नखी नेमकी त्याच जागेवर येऊ शकते, म्हणून कारागिराला आधीच सांगून ठेवावं.

पर्यावरणाच्या दाव्यांबद्दल थोडक्यात: दोन्ही पद्धतींना भरपूर वीज लागते, आणि ती कोळशावरची की जलविद्युत यावर सगळं अवलंबून. भट्टी कुठे आहे आणि वीज कुठली, हे न सांगता ‘हरित हिरा’ म्हटलं तर त्याला अर्थ नाही. फेरविक्रीचा विचार करून तर लॅब-ग्रोन घेऊच नये. उत्पादन वाढत गेलं तसे भाव सतत उतरत आले आहेत.

बिलावर पदार्थाचं पूर्ण नाव, व्यास मिलिमीटरमध्ये, वजन, अहवाल क्रमांक, आणि धातूचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्यावं. अमेरिकन डायमंड जड असतो. जडावाच्या दागिन्यात एकूण वजनालाच सोन्याचा भाव लावला तर खड्यांचे पैसे सोन्याच्या दराने जातात. बाजूचे बारीक खडे कशाचे आहेत हेही लिहून हवं. मधला लॅब-ग्रोन आणि भोवतालचे अमेरिकन डायमंड, अशी सरमिसळ सर्रास असते. काही काळाने मधला तेवढा चमकतो आणि कडेचे विझतात.

घडणीत एकच आग्रह धरला: टोकदार आकाराच्या खड्याच्या, म्हणजे मार्कीज, पेअर, प्रिन्सेसच्या टोकाला ‘व्ही’ आकाराची नखी. हिरा कितीही कठीण असला तरी चार दिशांना फाटतो, आणि टोक हीच त्याची नाजूक जागा.

पुढे अंगठी मोठी-लहान करायची वेळ आली तर खडा कशाचा आहे हे सोनाराला आधी सांगायचं, कारण डाग देताना, म्हणजे धातू जोडताना, ज्योतीखाली प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हिरा उघड्या हवेत फार तापला तर पृष्ठभाग जळून पांढरट होतो आणि पुन्हा पॉलिश करावा लागतो, म्हणून त्यावर बोरिक ॲसिडचा लेप देतात. अमेरिकन डायमंड तापलेला असताना पाण्यात किंवा तेजाबात बुडवला की तडकतो, तो काढून ठेवलेला बरा. मॉइसनाइट तापल्यावर पिवळसर-हिरवा पडतो, घाबरायचं नाही, निवला की रंग परत येतो. त्याच्यावर कधी कधी तेलाच्या तवंगासारखा इंद्रधनुषी थर बसतो आणि साबणाने निघत नाही. चांदी उजळायच्या कापडाने चोळला की जातो. लॅब-ग्रोन मात्र डबीत इतरांपासून वेगळा ठेवायचा, नाहीतर शेजारच्या मॉइसनाइटवर ओरखडे तोच काढतो.