खड्याचं नाव शोधायला गेलो, तर फॉर्ममध्येच विचारलं

सासऱ्यांच्या कपाटात चांदीची अंगठी निघाली. दुधी खडा आणि आत बारीक काळ्या फांद्यांचं झाड. झवेरी बाजारातल्या सोनाराने भिंग लावून सांगितलं, ‘‘अकीक वाटतोय. पक्कं हवं तर रत्नं तपासणाऱ्या लॅबमध्ये दाखवा.’’

लॅबच्या फॉर्ममध्ये ‘खड्याचे नाव’ असा रकाना होता. मी तो कोरा ठेवला. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला.

‘‘नाव लिहा.’’

‘‘मॅडम, तेच विचारायला आलोय.’’

‘‘नाव टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही.’’

शेवटी अकीक लिहिलं. मग अंदाजे किंमत. तीही ठोकून दिली. पैसे भरले, नंबर लागला, आणि अंगठी हातात घेऊन आतला माणूस म्हणतो, ‘‘खडा सुटा लागेल.’’ अरे, मग मघापासून अंगठी काउंटरवर दिसत नव्हती का? कारण रास्त आहे, ते मान्य. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या मानाने खडा किती जड, ते काढायला तो हवेत आणि पाण्यात तोलतात, चांदीसकट ते जमत नाही. पण एवढं एक वाक्य भिंतीवर चिकटवायला काय हरकत आहे? पुन्हा झवेरी बाजार, पुन्हा तीच गर्दी. कारागीर नेमका जेवायला गेलेला. खडा सोडवून परतलो तोवर काउंटर बंद. दुसऱ्या दिवशी नव्याने रांग, आणि फॉर्मही नवा!

रिपोर्ट मात्र चोख. नैसर्गिक डेंड्रिटिक अगेट, म्हणजे आत झाडासारखी नक्षी असलेला अकीकच. अपवर्तनांक (खड्यात प्रकाश किती वाकतो तो आकडा) १.५४, विशिष्ट गुरुत्व २.६०, खडा रंगवलेला नाही. आतलं झाड म्हणजे शेवाळ नव्हे, जीवाश्मही नव्हे. मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं भेगांतून झिरपून अशी पसरतात. उत्तर प्रदेशात बांद्याजवळ केन नदीत मिळणारा ‘शजर’ याच जातीचा.

हो, फॉर्म भरतानाच ‘रंगवलाय का, तेही तपासा’ असं सांगा. अगेट सच्छिद्र असतो, रंग सहज पितो. बाजारातले भडक गुलाबी-निळे पट्टे बहुतेक रंगवलेलेच. काळा ऑनिक्स, म्हणजे अकीकाचाच भाऊबंद, तोही बऱ्याचदा साखरेच्या पाकात मुरवून मग आम्लात टाकून काळा केलेला असतो. गुजरातेतल्या खंबातचा लाल अकीक पुष्कळदा भाजून लाल करतात, ती जुनी, सर्वमान्य रीत आहे. भिंगातून गोल बुडबुडे दिसले तर मात्र काच समजा आणि लॅबचे पैसे वाचवा.

आणि खडा काढायला देतानाच परत बसवण्याची मजुरी ठरवून घ्या. नंतर विचारलं की आकडा वेगळाच येतो.