तुम्ही विचारलंत म्हणून : दोन गाड्या निघाल्या तर पुढे कोण?

दोघं मित्र रविवारी सकाळी दोन मोटारसायकली घेऊन गावाकडच्या रस्त्याने निघाले, तर पुढे कुणी राहायचं आणि मध्ये अंतर किती ठेवायचं, हे बरेच जण विचारतात.

ज्याचा हात कमी बसलाय, तो पुढे. नवखा मागे असला की पुढच्याला गाठायला जातो आणि झेपणार नाही अशा वेगाने वळणात शिरतो. तो पुढे असेल तर वेग त्याचा राहतो, आणि मागच्याला त्याची अडचण लगेच दिसते. रस्ता त्याला माहीत नसेल, तर फाटे घरीच सांगून ठेवा. प्रत्येक फाट्यावर थांबायचं. मागची गाडी दिसल्याशिवाय वळायचं नाही.

अंतर सेकंदांत मोजा. पुढची गाडी एखाद्या बाभळीजवळून गेली की तिथे पोचायला तुम्हाला निदान दोन सेकंद लागले पाहिजेत. ताशी 50 च्या वेगाला ते 28 मीटर होतात. रस्ता ओला असेल तर चार सेकंद. कच्च्या रस्त्यावर तर धुरळा बसेपर्यंत मागेच राहा.

खानदेशात ओला रस्ता म्हणजे फक्त पावसाळा नव्हे. ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली काळी माती शेताच्या वाटेपाशी डांबरावर पडते, आणि हिवाळ्यात रात्रभर दव पडलं की ती साबणासारखी होते. केळीच्या पट्ट्यात पाइपलाइनचं पाणी रस्त्यावर आलेलं असतं, केळीची पानंही पडलेली असतात. अशा जागी वेग आधीच कमी करा. तिथे गाडी कलती करू नका, पुढचा ब्रेक दाबू नका, एक्सलरेटर स्थिर ठेवा.

त्याहून जास्त घात करते ती साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची कच्ची पट्टी. समोरून कडबा भरलेली ट्रॉली आली की एकाच गाडीपुरत्या रुंद रस्त्यावर खाली उतरावंच लागतं. उतरणं सोपं आहे, पडतात ते परत चढताना. डांबराची कड दोन-तीन बोटं उंच असते. तिला समांतर चालत हळूच चढायला गेलात की पुढचं चाक कडेला घासत जातं आणि गाडी आडवी होते. वेग अगदी कमी करा, कडेपासून थोडं लांब जा आणि चाक तिरकं घालून एका दमात चढा.

सूर्याचाही विचार करा. जळगावात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. तेव्हा जळगावहून यावल, फैजपूर, रावेरकडे निघालात तर ऊन थेट डोळ्यांत येतं, आणि समोरची बैलगाडी नुसती सावलीसारखी दिसते. म्हणून सकाळी ममुराबाद, विदगावचा तापीवरचा पूल, धानोरा, अडावद हीच वाट चांगली. पुढे सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेवची गरम पाण्याची धार आहे. परतताना सूर्य समोर असतो खरा, पण तोवर वर चढलेला असतो. मे महिन्यात मात्र उजाडताच निघा आणि नऊच्या आत घरी या.

घरून निघायच्या आधी, टायर गार असतानाच हवा तपासा. हवा किती हवी तो आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. चेन खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून पाहा. बहुतेक 125-150 सीसी गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर ढील लागते. त्याहून ताणलेली चेन खड्ड्यात मागचं चाक वर गेलं की आणखी ताणते आणि बेअरिंग खाते.

काटा लागणारच, बाभळीचा मुलूख आहे. ट्यूबलेस टायरमधला काटा रस्त्यात उपटू नका. हवा टिकत असेल तर तसंच दुकान गाठा. ट्यूबचा टायर असेल तर लगेच थांबा. रविवारी सकाळी खेड्यातलं पंक्चरचं दुकान बहुधा बंदच असतं. मग दुसरी गाडी उपयोगी पडते. चाक काढून मित्राच्या मागे बसा आणि मोठं गाव गाठा. त्यासाठी एक्सलच्या नटाला टूलकिटमधला पाना बसतो का, आणि तो नट तुमच्या हाताने सुटतो का, हे शनिवारी संध्याकाळी दारातच करून पाहा.