इतिहासाचं पुस्तक घेताना मी आधी चित्रं बघते

"आई, हा झेंडा तर नंतर आला ना?" धाकट्याने चित्रावर बोट ठेवून विचारलं. चित्र प्रसिद्धच आहे, बर्फाळ डेलावेअर नदीत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन छोट्या नावेत उभे आणि मागे अमेरिकेचा तारे आणि पट्ट्यांचा झेंडा. नदी ओलांडली ती २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री आणि हा झेंडा ठरला १४ जून १७७७ ला, हे आम्ही आदल्याच आठवड्यात वाचलं होतं आणि सात वर्षांच्या पोराने ते बरोबर जोडलं, मला इतका आनंद झाला काय सांगू. पण पुस्तकात चित्राखाली एक ओळसुद्धा नव्हती. चित्रकार एमानुएल लॉइत्से यांनी हे चित्र जर्मनीत ड्युसेलडॉर्फला बसून काढलं आणि १८५१ मध्ये पूर्ण केलं, म्हणजे घटनेनंतर पाऊणशे वर्षांनी, आणि छापलं असं होतं की जणू कुणीतरी काठावर उभं राहून फोटोच काढलाय.

तेव्हापासून पुस्तक हातात आलं की मी मजकूर नंतर वाचते, आधी चित्राखाली काय लिहिलंय ते बघते. कोणी काढलं, कधी काढलं, आत्ताच्या चित्रकाराने काय बघून काढलं, यातलं काहीतरी चित्राखाली नाहीतर शेवटच्या पानांवर सापडायला हवं. ते नसेल तर लायब्ररीतून आणून वाचते पण विकत नाही घेत.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो आणि इथे होमस्कूलिंगला, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवायचं तर, अमेरिकेचा आणि पेनसिल्व्हेनियाचा इतिहास शिकवावाच लागतो, वाचलेल्या पुस्तकांची नावं लॉगमध्ये लिहायची, पोर्टफोलिओ ठेवायचा आणि वर्षाच्या शेवटी इव्हॅल्युएटर, म्हणजे अभ्यास तपासणारे, तो बघतात. टेक्सससारख्या राज्यात यातलं फारसं काही नाही. मला मात्र तो लॉग आवडतो, कारण पुस्तकाच्या नावापुढे मी मुलांनी चित्राबद्दल काय विचारलं तेही लिहून ठेवते.

थँक्सगिव्हिंगच्या पुस्तकांत तर फार बघून घ्यावं लागतं. सेकंडहँड सेलमध्ये मी एक सुंदर दिसणारं पुस्तक घेतलं होतं, घरी येऊन बघते तर ज्याची आठवण म्हणून हा सण सांगतात त्या इंग्रज वसाहतीतल्या १६२१ च्या जेवणाला आलेल्या वांपानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांच्या डोक्यावर गरुडपिसांचे मोठाले मुकुट आणि मागे टिपीचे तंबू. ते मुकुट आणि तसले तंबू शेकडो मैल लांबच्या, मधल्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचे. वांपानोआग राहायचे वेटूमध्ये, म्हणजे वाकवलेल्या फांद्यांवर झाडाची साल नाहीतर चटया घातलेल्या घुमटासारख्या घरात. थोरलीने तोवर ते चित्र दोनदा वहीत काढलं होतं आणि ते तिच्या डोक्यातून काढायला मला महिना लागला. वाचलेलं मुलं विसरतात, पण बघितलेलं सहजी विसरत नाहीत हो.

दुसरं मी बघते ते म्हणजे चित्रात कोण नाही. १० मे १८६९ ला युटामध्ये प्रॉमंटरी समिटला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रेल्वेचे रूळ जुळले, तो दोन इंजिनं समोरासमोर आणि मधोमध हात मिळवणारे लोक असलेला फोटो जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतो. पश्चिमेकडून आलेल्या लाइनीवर सिएरा नेवाडाचे डोंगर फोडले ते हजारो चिनी कामगारांनी आणि त्या फोटोत ते दिसतच नाहीत. चांगलं पुस्तक हे त्याच पानावर सांगतं. तसंच वॉशिंग्टन यांचं. त्यांच्या माउंट व्हर्नन या जमीनजुमल्यावरचं हिरवळीतलं पांढरं घर सगळे काढतात, पण वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले तेव्हा तिथे ३१७ गुलाम होते, हे लोक चित्रात असतील तर कसे आहेत, कामाने वाकलेले आहेत की हसतमुख ट्रे घेऊन उभे आहेत, हे मी नीट बघते. हसतमुख असतील तर पुस्तक परत.

जुनी चित्रं चुकीची म्हणून दाखवायचीच नाहीत असं मात्र माझं म्हणणं अजिबात नाही. उलट बॉस्टन मॅसॅकरचं, म्हणजे बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी लोकांवर केलेल्या गोळीबाराचं, पॉल रिव्हियर यांनी १७७० मध्ये छापलेलं चित्र मी मुद्दाम दाखवते, त्यात ब्रिटिश सैनिक शिस्तीत रांग लावून गोळ्या झाडताहेत, आणि प्रत्यक्षात तिथे अंधारात नुसता गोंधळ होता. लोकांना राग यावा म्हणून काढलेलं चित्र आहे ते, आणि दहा वर्षांच्या थोरलीला हे लगेच समजलं. तिच्या वयाला चित्रकार जेकब लॉरेन्स यांची चित्रंही फार छान आहेत, दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या काळ्या कुटुंबांची साठ चित्रं, १९४०-४१ मधली. चेहऱ्यांवर फारसं काही रंगवलेलं नाही तरी स्टेशनवरची गर्दी बघून ती बराच वेळ गप्प बसली.

ज्या पुस्तकात नुसता मजकूर चांगला असतो त्याला मी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरचे जुने फोटो आणि नकाशे प्रिंट करून जोडते, त्याला पैसे पडत नाहीत.

मागच्या महिन्यात जिथून वॉशिंग्टन यांनी नदी ओलांडली त्या वॉशिंग्टन क्रॉसिंगला जाऊन तेव्हा वापरलेल्यांसारख्या खऱ्या मापाच्या डरहॅम नावा बघून आलो, लांबच लांब, सपाट बुडाच्या, उंच काठाच्या, एरवी लोखंड वाहायच्या. धाकट्याने घरी येऊन नवं चित्र काढलं, नाव लांब, रात्र काळी, झेंडा नाही, आणि खाली स्वतःचं नाव आणि तारीख.

आता शोधतेय ते लेनापे या मूळ रहिवाशांवरचं पुस्तक, ज्यांच्या जमिनीवर आमचं हे गाव उभं आहे. १७३७ च्या वॉकिंग पर्चेसमध्ये त्यांची जमीन कशी फसवून घेतली ते सात वर्षांच्या मुलाला चित्रांतून कळेल असं हवंय. कुणाच्या पाहण्यात असेल तर नक्की सांगा.