बास तोच, खुंट्या नव्या

ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणारा कार्यक्रमभर उभा असतो. माझा बास त्या दोन-तीन तासांत एक काम अगदी इमानेइतबारे करायचा, ते म्हणजे मान टाकायचं. पट्टा खांद्याला असताना डावा हात जरा सैल केला की नेक, म्हणजे वाद्याची लांब मान, निघाली जमिनीकडे. म्हणजे ज्या हाताने सूर धरायचे, त्याच हाताने वाद्यही तोलायचं. वर ई आणि एच्या जाड तारा दोन-तीन गाण्यांत उतरायच्या. निवेदकाचं बोलणं संपेपर्यंत मी पायाशी ठेवलेल्या, सूर दाखवणाऱ्या ट्यूनरकडे बघत खुंट्या पिळत बसायचो.

बास जॅझ बासच्या घाटाचा. अमेरिकेच्या फेंडर कंपनीने हे मॉडेल १९६० मध्ये आणलं आणि त्याच्या स्वस्त नकला जगभर निघाल्या, त्यातलाच हा एक. पण याची नेक सरळ आहे, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नीट बसवलेत, म्हणून याच्यावर खर्च करायचं ठरवलं. नेक पिळलेली असती तर एक रुपया घातला नसता.

मी भोसरीत टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे सुटे भाग शोधण्याआधी व्हर्नियर बाहेर निघाला. हेडस्टॉकमधल्या (खुंट्या असतात ते नेकचं टोक) भोकांचा व्यास, हेडस्टॉकची जाडी, ब्रिजच्या (तारांचं दुसरं टोक धरणारा धातूचा भाग) पाच स्क्रूंमधली अंतरं, ब्रिजवर तारांमधलं अंतर (माझ्याकडे १९ मि.मी. निघालं), पॉटची (आवाज आणि टोन फिरवायची बटणं) भोकं, सगळं वहीत उतरवलं. खरी मेख अशी की आशियात बनलेल्या स्वस्त बासची मापं बहुधा मिलिमीटरमध्ये आणि अमेरिकी भागांची इंचात. जाहिरातीत ‘जॅझ बासला बसेल’ असं लिहिलेलं असतं. कुठल्या जॅझ बासला, ते कोणी लिहीत नाही.

सगळ्यात जास्त पैसे खुंट्यांवर गेले. अॅल्युमिनियमच्या हलक्या खुंट्या घेतल्या, बासच्या किमतीच्या निम्म्याला. बायकोने किंमत ऐकून काही म्हटलं नाही, नुसतं बघितलं. पण हिशोब साधा आहे. पट्टा अडकवायचं बटण साधारण बाराव्या फ्रेटच्या आसपास येतं आणि खुंट्या तिथून दीड-दोन फूट लांब, नेकच्या पार टोकाला. एवढ्या लांब तरफेवरचं वजन कमी केलं तर थोडंसंही पुरतं. जुन्या चार खुंट्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर चारशे ग्रॅमच्या वर भरल्या, नव्या अडीचशेच्या आत.

बसवताना खरं काम छोट्या स्क्रूंचं. जुन्या भोकांत अगरबत्तीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या आणि पात्याने सपाट कापल्या. मग चारही खुंट्या एका पट्टीला टेकवून रेषेत घेतल्या आणि बारीक ड्रिलने आधी भोकं पाडली. मेपल कडक असतं. भोक न पाडता स्क्रू पिळला तर त्याचं डोकं तुटून धड लाकडातच राहतं. स्क्रूला मेणबत्तीचं मेण चोळलं की तो लोण्यासारखा जातो. जुन्या खुंट्यांच्या पट्ट्यांचे फिकट ठसे मागे दिसतात, ते दिसू दिले.

मान टाकणं पूर्ण गेलं का? नाही. पण हात सोडला तर नेक आता आडवी होऊन थांबते, खाली जात नाही. मला तेवढं पुरे.

खुंट्यांनी तारा उतरणं मात्र निम्मंच कमी झालं. उरलेला दोष नटचा निघाला, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा. मूळचा नट प्लास्टिकचा, खाचा अरुंद. जाड तार त्यात अडकून बसायची आणि जोरात वाजवलं की टक्कन सुटायची. शिवाय खाचा उथळ, म्हणून पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की एफ चढा लागायचा.

नव्या नटसाठी हाड मिरजेहून आणलं. तिथे सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांकडे उंटाचं हाड मिळतं. मी गेलो त्या काकांनी बासचा जुना नट बोटात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “प्लास्टिक हाय हे. असल्यात तार सरकंल कशी?” आणि जरुरीपेक्षा मोठा तुकडा दिला, बिघडला तर दुसरा निघावा म्हणून.

हाड घासताना दाताच्या दवाखान्यासारखा वास येतो आणि पांढरी पूड सगळीकडे बसते, तेव्हा मास्क लावून गॅलरीत बसा. खाचांसाठी खास फायली मिळतात, पण महाग. माझ्या तारा ४५ ते १०५ गेजच्या (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे जी १.१४ मि.मी. आणि ई २.६७. बारीक दोन तारांना गॅस वेल्डिंगचा नोझल क्लीनर पुरला: काटेरी तारांचा तो जुडगा, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. जाड दोघींना गोल नीडल फाइल. खाच हेडस्टॉककडे किंचित उतरती ठेवायची, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवर टेकते. नाहीतर सतारीसारखी झणझण येते. खोली पाहायला तिसऱ्या फ्रेटवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर फट बघायची. कागद जेमतेम सरकला की फाइल खाली ठेवायची.

या कामाला सगळ्यात कमी पैसे लागले आणि फरक सगळ्यात जास्त पडला.

ब्रिजबद्दल माझं मत अनेकांना आवडणार नाही. पातळ वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज काढून जपानी गोटोहचा जड ब्रिज लावला. पाचही भोकं जुळली. पत्र्याखालची अर्थची तार तेवढी नव्या ब्रिजखाली नीट दाबली गेली पाहिजे. मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला लावून बीप ऐकला. हा बीप आला नाही तर अॅम्प घूं करत राहतो. मग त्याच तारांवर, त्याच सेटिंगला, आधी आणि नंतर रेकॉर्ड केलेलं आमच्या कीबोर्डवाल्याला नाव न सांगता ऐकवलं. त्याला फरक सांगता आला नाही, मलाही नाही. जड ब्रिजने स्वर जास्त टिकतो म्हणतात. माझ्या बासवर तरी ऐकू आला नाही. तरीही तो ठेवला, कारण जुन्यावर जोरात वाजवलं की सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) बाजूला सरकायची. नव्यात ती खोबणीत बसते.

इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर खरे लागणं, अर्थात पुन्हा लावावं लागलं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळवायचा; दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे. ईची सॅडल सगळ्यात मागे गेली, तसंच होतं. खुंट्या, नट किंवा ब्रिज बदलल्यावर तारा एक-दोन दिवस ताणून स्थिरावू द्या, मग हे करा.

खरखरणारे पॉट बदलायला पुण्याच्या तापकीर गल्लीत २५० के. (किलो-ओहम)चे घेतले, कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा. तो पाच-दहा रुपयांचा घ्या, महागड्या तेलातल्या कपॅसिटरच्या नादी लागू नका. जॅक मात्र भारी घेतला, कारण केबल रोज त्यातच खुपसायची असते.

आता गिटारवाला मागे लागलाय, पिकअप (तारेचं कंपन टिपून अॅम्पकडे पाठवणारा भाग) बदल म्हणून. गणपतीत मंडळाच्या स्पीकरवर बासचा नुसता दणका ऐकू येतो, त्यात पिकअप कुठला हे देवालाही कळणार नाही. पिकअप मूळचेच राहतील. जुना ब्रिज आणि खुंट्या डब्यात ठेवल्यात, बास विकायची वेळ आली तर हे मूळचेच परत लावीन. नव्या खुंट्या पुढच्या बासवर जातील.