मैदानावरच्या दोन रेषा

मी १९६९ साली आपल्या शाळेतून मॅट्रिक झालो. घर नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या बाजूला. तेव्हा रात्रीच्या टपालाची विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून नागपुरात यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत जायची. अंथरुणात पडून मी ते आवाज ऐकायचो. एकदा भूमितीच्या तासाला विचारलं, "सर, एवढ्या अंधारात यांना नागपूर सापडतं कसं?"

सर वर्ग मैदानावर घेऊन गेले. होकायंत्रानं सीताबर्डीच्या किल्ल्याची दिशा मोजायला लावली, मग पाण्याच्या टाकीची. नकाशावर त्या दोन ठिकाणांहून कोनमापकानं उलट रेषा ओढल्या. त्या जिथे छेदल्या तिथे आपली शाळा होती! मला अजून ती पेन्सिलची फुली दिसते.

पुढे पुष्पक विमानावर उडायला शिकलो. जवळ नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. खाली वर्ध्याकडे जाणारा रेल्वेमार्ग. साठ मैलांत एक मैल बाजूला सरकलात तर चूक एक अंशाची, हा हिशेब तोंडी करायचा. तीस मैलांत दोन मैल सरकलो, म्हणजे चार अंश. तेवढं वळवलं की भरकटणं थांबतं, मूळ मार्गावर यायला आणखी वळावं लागतं.

नंतर फोकर फ्रेंडशिप या प्रवासी विमानावर सहवैमानिक झालो. आजच्यासारखा संगणक नव्हता, तरी आकाशातले रिपोर्टिंग पॉइंट, म्हणजे जिथून आपली जागा कळवायची ते ठरलेले बिंदू, गाठावेच लागत. खाली ना दिवा, ना खूण. अशा वेळी जमिनीवरून रेडिओनं दिशा दाखवणाऱ्या एका व्हीओआर केंद्राची ठरलेली दिशा, म्हणजे रेडियल, धरून काटा मधोमध ठेवायचा आणि दुसऱ्या रेडिओवर बाजूच्या केंद्राची ठरलेली रेडियल लावायची. तो दुसरा काटाही सरकत मध्यावर आला की आपण त्या बिंदूवर. सरांचीच फुली! एनडीबी या साध्या रेडिओ केंद्राकडे वळणारा काटा मात्र जपून वाचावा लागे. जूनच्या वादळात तो केंद्र सोडून विजेच्या ढगाकडे वळायचा, अन् नवख्या माणसाला तेच खरं वाटायचं. मग स्टॉपवॉच, वेग आणि वाऱ्याचा अंदाज, एवढंच हाती उरायचं.

अंतर सांगायला डीएमई हे यंत्र. विमानानं पाठवलेल्या स्पंदनाला जमिनीवरून उत्तर यायला किती वेळ लागला, त्यावरून ते अंतर काढतं. पण हे अंतर तिरकं, विमानापासून केंद्रापर्यंत थेट, असतं. अठरा हजार फुटांवरून अगदी केंद्राच्या माथ्यावर आलं, तरी आकडा शून्य होत नाही. तीन सागरी मैलांपाशी थांबतो.

सुट्टीत सरांच्या घरी गेलो तेव्हा त्यांना हे सांगितलं. ते निवृत्त झाले होते, नजर अधू झाली होती. त्यांनी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर चाचपडत काटकोन त्रिकोण काढला, कर्णावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा मोजतं ना ते?"

"हो सर."

"मग माथ्यावर आल्यावर पाया शून्य. उरते ती तुमची उंचीच."