तुम्ही विचारलंत म्हणून: थर्माकोलच्या भिंती टिकतात का?

मिशिगनमध्ये घरीच बांधलेला आमचा छोटा कॅम्पर ट्रेलर पाहून इथले मराठी मित्र आणि नाशिकहून फोन करणारे नातेवाईक हमखास विचारतात, "थर्माकोलच्या भिंती? हायवेवर टिकतात?" टिकतात. फक्त त्या कशाच्या जोरावर टिकतात, ते नीट सांगायला हवं.

आमची गाडी जास्तीत जास्त १५०० पौंड, म्हणजे ६८० किलो ओढू शकते. लोखंडी सांगाडा, चाकं, गादी, पाणी, सगळं त्यातच आलं. १८ मिलिमीटर प्लायची ८ बाय ४ फुटांची एक शीट ३० किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच मापाचं आमचं पॅनेल, मध्ये २५ मिलिमीटर फोम आणि दोन्हीकडे ३ मिलिमीटर प्लाय, १५ किलोच्या आसपास. हा फोम म्हणजे पॅकिंगमधला दाणेदार थर्माकोल नव्हे. याला एक्सपीएस म्हणतात. तोही थर्माकोलसारखा पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचाच, पण सलग आणि पाणी फारसं न शोषणारा. सुपीरियर सरोवराकाठच्या गारठ्यात आतली ऊब तोच धरून ठेवतो.

ताकद मात्र फोमची नसते. पॅनेल वाकू लागलं की एका बाजूचा प्लाय ताणला जातो, दुसरा दाबला जातो. फोमने दोघांना लांब ठेवायचं आणि एकमेकांवरून सरकू द्यायचं नाही. हे अंतर दुप्पट झालं की ताठपणा जवळपास चौपट होतो. १९४० मध्ये पहिल्यांदा उडालेल्या ब्रिटिश मॉस्किटो विमानाचं धड याच तत्त्वावर होतं: बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड.

यात चिकटवण सुटलं, तर उरतात दोन लवचिक पापुद्रे आणि एक फोमचा तुकडा. म्हणून माझा सगळा जीव चिकटवण्यात असतो. सनमायका लावायचं सॉल्व्हंटवालं रबर सोल्युशन इथे चालत नाही, ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. पांढरा फेव्हिकॉलही नको. त्यातलं पाणी फोममधून बाहेर पडत नाही, शीटच्या मध्यभागी तो ओलाच राहतो. मी पॉलियुरेथेन वापरतो. ते ओलाव्याने घट्ट होतं, म्हणून प्लायवर आधी पाण्याचा हलका फवारा. फोमची गुळगुळीत साय पॉलिश पेपरने घासून काढायचीच.

मग दाब. वर विटा किंवा वाळूच्या गोण्या ठेवल्या तर दाब सगळीकडे सारखा बसत नाही. पॅनेल प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून पंपाने अर्धी हवा काढली, की वातावरणच दर चौरस मीटरला सुमारे ५ टन दाब देतं, कानाकोपऱ्यात सारखा. मला हा या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. पूर्ण हवा काढायचा मोह टाळा. कमी ताकदीचा फोम त्याने चेपू शकतो.

फोममध्ये स्क्रू धरत नाही. बिजागरी, खिडकी, दिवा कुठे येणार ते आधी ठरवून तिथे लाकडी रिपा बसवायच्या, पण मोजक्याच, कारण लाकडातून थंडी आत येते. शेगडी बाहेर. हा फोम पेटतो आणि काळा, घातक धूर सोडतो, यावर मी कुणाशीही तडजोड करणार नाही. झोपताना हवेची जागा उघडी ठेवायची.

करून बघणार असाल तर आधी वीतभर तुकडा चिकटवा आणि पूर्ण वाळल्यावर प्लाय उचकटा. प्लायला सगळीकडे फोमचा थर चिकटून आला, म्हणजे जोड सुटण्याआधी फोमच फाटला, तर मोठी शीट कापायला घ्या.