माझगाव जाळणाऱ्याच्या गावाला

आमची आत्या डॉकयार्ड रोडला राहते आणि रोज सकाळी जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात पाच फेऱ्या मारते. स्टेशनाच्या डोक्यावरची भंडारवाडा टेकडी, पायाखाली पाण्याची टाकी, समोर गोदी आणि गोदीत उभ्या बोटी. काका बाप्टिस्टा माझगावचेच, टिळकांचे सहकारी, १९२५ साली मुंबईचे महापौर झाले, हे तिला ठाऊक होतं. पण बागेच्या जागी पूर्वी किल्ला होता आणि तो जंजिऱ्याच्या सिद्दीने जाळला, असं मी म्हटल्यावर तिने हात झटकला. "काहीतरीच! जंजिरा कुठे, माझगाव कुठे!"

म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी तिलाच घेऊन निघालो.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुटली की तासाभरात मांडवा. वरच्या डेकवर आत्याने डब्यातल्या पुऱ्या काढल्या आणि मी तिला गोष्ट सांगायला घेतली. ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतला प्रमुख सर जॉन चाइल्ड याने मोगलांची जहाजं धरली. औरंगजेबाने ते उट्टं आपल्या आरमारी सरदाराकरवी, म्हणजे सिद्दी याकूत खानाकरवी काढलं. १६८९ साली सिद्दीचं सैन्य शिवडीला उतरलं, माझगाव घेतलं, माहीम घेतलं आणि इंग्रज स्वतःच्या कोटात कोंडले गेले. अखेर दीड लाख रुपये दंड भरून त्यांनी बादशहाची माफी मागितली. १६९० च्या जूनमध्ये सिद्दी परत फिरला तो माझगावचा किल्ला पेटवूनच. "म्हणजे आपण आलो त्याच पाण्यातून?" आत्याने मागे वळून पाहिलं. धुरकटात मुंबई पुसट होत चालली होती.

अलिबागहून मुरूड साधारण ५० किलोमीटर. चौल, रेवदंडा, मग खाडीवरचा पूल आणि पलीकडे कोर्लईचा डोंगर. पुढे रस्ता समुद्राला धरूनच जातो. काशीदला जी गर्दी होती तिच्याबद्दल न बोललेलं बरं. डावीकडचं फणसाडचं रान १९८६ पासून अभयारण्य आहे. त्याआधी ते जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या शिकारीचं होतं. शेकरू दिसेल म्हणून मान वर करून बसलो, दिसली फक्त माकडं.

१९४८ मध्ये विलीन होईपर्यंत सिद्दींचं हे जंजिरा संस्थान टिकलं. श्रीवर्धन, म्हसळा त्यातच, आणि काठेवाडातलं जाफराबादसुद्धा. पेशव्यांचं भट घराणं मूळचं श्रीवर्धनचं, म्हणजे तेही एके काळी सिद्दीच्याच मुलखातले.

मुरूडच्या अलीकडे टेकाडावर नवाबाचा राजवाडा दिसतो. १८८५ सालचा. कमानी, घुमट, टोकदार मनोरे, आणि खाली थेट समुद्र. खाजगी मालमत्ता असल्यामुळे फाटकापाशीच थांबावं लागतं. आत्या गजांतून बराच वेळ बघत राहिली. "रंग उडालाय, पण जागा काय निवडलीय मेल्याने," एवढंच म्हणाली.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी मिळते. आमची होडी अर्ध्या वाटेत वारा पडल्यामुळे डुलत बसली, आणि मला ते फार आवडलं. समोर किल्ला, मागे किनारा, मधला पट्टा इतका अरुंद की दोन्हीकडची माणसं दिसतात. १६८२ मध्ये संभाजीराजांनी इथेच दगड टाकून सेतू बांधायला घेतला होता. मोगल कोकणात उतरल्यामुळे काम अर्धवट सोडून परतावं लागलं. उजवीकडे दूरवर पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी सिद्दीच्या उरावर बसवलेला. तिथल्या लाय पाटील कोळ्याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, कुमक वेळेवर पोचली नाही, पहाट व्हायच्या आत त्या काढून घेतल्या. नुसत्या वाचनात ही हकीकत चार ओळींची वाटते. तटाखाली होडी आल्यावर वर पाहिलं तेव्हा त्या शिड्यांची उंची कळली.

दरवाजा मात्र अगदी जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही. आत शिरताना पंजांत हत्ती दाबून धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू, कोरलाय; सिद्दींना आपल्याबद्दल काय वाटत होतं ते त्यात आलं. खरं तर इथे पहिल्यांदा होता तो राम पाटील नावाच्या कोळी सरदाराचा लाकडी मेढेकोट. निजामशाहीच्या पिरम खानाने दारूची पिंपं उतरवायच्या बहाण्याने माणसं आत घुसवली, असं सांगतात. दगडी तट नंतरचा, १५७० च्या आसपासचा. सिद्दी सुरूलखानाच्या वाड्याच्या नुसत्या भिंती उरल्यात आणि खिडक्यांतून वड बाहेर आलेत.

कलालबांगडी तोफेवर पोरं चढून फोटो काढत होती. गाइड तिचा जो पल्ला सांगत होता तो खरा धरला तर गोळा थेट आत्याच्या बागेत पडला असता. आत्याचं लक्ष तोफेकडे नव्हतंच. ती तलावापाशी थबकली होती. चहूकडे खारं पाणी, आणि मधोमध दगडी पायऱ्यांचा, शेवाळलेला गोड्या पाण्याचा तलाव. असे दोन आहेत. "आमच्याकडे नळाला पहाटे पाचला पाणी येतं, तेही पाऊण तास," ती म्हणाली. "ह्यांना कोण हरवणार?" जंजिरा अजिंक्य का राहिला यावर मी पुष्कळ वाचलंय, याहून नेमकं कारण आठवत नाही.

परतताना रिक्षावाल्याला खोकरीला थांबायला सांगितलं. बहुतेक लोक किल्ला बघून सरळ जेवायला जातात, इथे फारसं कुणी फिरकत नाही. रस्त्याच्या कडेला झाडीत तीन दगडी घुमट. सगळ्यात मोठा सुरूलखानाचा. धाकट्या दोघांत एक खैरियत खान आणि दुसरा याकूत खान, १७०६ साली वारलेला. मूळचा सिद्दी कासम; १६७१ च्या होळीच्या रात्री मराठ्यांकडून दंडाराजपुरी परत घेणारा तोच. जाळीच्या खिडकीतून उन्हाचे तुकडे आत पडले होते. कुणीतरी झाडलोट केलेली दिसत होती.

"हाच का तो?" आत्याने विचारलं. मी मान हलवली. ती जरा वेळ उभी राहिली, मग पाणी प्यायली आणि रिक्षात जाऊन बसली. रात्री वाडीतल्या खाणावळीत सुरमई खातानाही तिने विषय काढला नाही.

सोमवारी सकाळी फोन आला. बागेतल्या बायकांना तिने टाकीजवळच्या बाकावर बसवून सगळी हकीकत सांगितली होती. इथेच किल्ला होता, इथेच आग लागली. एकीने विचारलं, मग त्याच्या कबरीपाशी जाऊन तू काय केलंस?

"काय करणार? चपला बाहेर काढल्या नि हात जोडले."